आवाहन : अफगाण विद्यार्थ्यांचा खोली-मेस निधी (ऑगस्ट २०२२)

सर्व सभासद, हितचिंतक व पेठेतील रहिवासी यांस सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी १५ ऑगस्टला, रविवार होता, मंडळाच्या अंगणात झेंडावंदन झाले तेव्हा मागच्या वाड्यातली तिन्ही अफगाण मुले नेहमीप्रमाणे वेळेवर हजर होती. राष्ट्रगीत झाले, जिलबी वाटली, आणि ही मुले हातात द्रोण धरून मोबाईलकडे बघत तशीच उभी. कुणी बोलावले तरी ऐकू जाईना. संध्याकाळपर्यंत राष्ट्राध्यक्ष घनी देश सोडून गेले होते आणि तालिबान काबूलच्या महालात जाऊन बसले होते. भरलेले द्रोण खजिनदारांना दुसऱ्या दिवशी कठड्यावर सापडले.

त्याला आता वर्ष झाले. "बघू, निवळेल" असे म्हणणाऱ्यांत प्रस्तुत सचिवही होता, हे कबूल करतो. निवळले काहीच नाही. २५ ऑगस्टला आपल्या सरकारने अफगाणांना आधी दिलेले व्हिसे रद्द केले, त्यामुळे कोविडमध्ये घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. दुसऱ्याच दिवशी काबूल विमानतळाच्या फाटकावर बॉम्बस्फोट झाला. तिकडच्या बँकांतून आठवड्याला २०० डॉलरच्या वर रक्कम निघेना, शिक्षकांचे पगार महिनोन्महिने थकले. आपल्याकडची मुले अशाच शिक्षक-कारकुनांच्या घरातली आहेत. घरून पैसे येणे थांबले, आणि विद्यार्थी व्हिसावर इथे नोकरी करता येत नाही. मग खायचे काय?

वाचनालयात येणारी काबूलची मुलगी तुम्ही पाहिली असेल, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची धाकटी बहीण नववीत. २३ मार्चला मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार म्हणून बहिणीने आदल्या रात्री काळा गणवेश आणि पांढरी ओढणी इस्त्री करून ठेवली, त्याचा फोटो हिने ग्रंथपाल बाईंना दाखवला होता. सकाळी मुली शाळेत पोहोचल्या आणि काही तासांत घरी पाठवल्या गेल्या. फोन आला तेव्हा ही वाचनालयातच होती. पुस्तक जागेवर ठेवले, रजिस्टरात बाहेर जाण्याची वेळ लिहिली आणि जिन्यात जाऊन बसली. बाईंनी तिथेच चहा नेऊन दिला. मे महिन्यात चेहरा झाकण्याचा हुकूम निघाला. पुरुष नातेवाईक सोबत नसेल तर बायकांना ७२ किलोमीटरच्या पुढे प्रवास नाही, हा नियम त्याआधीच डिसेंबरात आला होता. वडिलांनी तिला कळवले आहे, पदवी हातात पडेपर्यंत परतीचा विषय काढू नकोस.

दुसरा मुलगा अफगाणिस्तानातल्या खोस्त प्रांताचा. २२ जूनच्या भूकंपात पक्तिका आणि खोस्तमध्ये हजारावर माणसे गेली. याच्या घरची वाचली, घर गेले. मध्यरात्रीची वेळ, दगडमातीच्या भिंती, झोपेतली माणसे. किल्लारीला गेलेल्या आपल्या ज्येष्ठांना याहून जास्त सांगायला नको.

किल्लारीवरून आठवले. पानशेतच्या पुरात, १९६१ साली, ज्या बायकांनी घराघरांतून भाकऱ्या गोळा केल्या त्यांच्यातूनच हे मंडळ उभे राहिले. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात आपला ट्रक सास्तूरपर्यंत गेला. २०१४ ला माळीण, २०१९ ला सांगली-कोल्हापूरचा महापूर, कोविडमधले डबे. मंडळाने कधी हात आखडता घेतला नाही. गेल्या वर्षभरात मेसवाल्या काकूंनी चार मुलांचे सात महिन्यांचे पैसे घेतले नाहीत. विचारले की म्हणत, "बिल लिहायला सवड कुठे होतेय!" वर त्यांच्यासाठी उसळ कमी तिखट. वाड्याचे मालक आजोबा भाडे मागायला कधीच आले नाहीत. ते मेमध्ये गेले, तेव्हा ही तिन्ही मुले वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत चालत आली होती. निवृत्त बँक अधिकारी असलेल्या आपल्या उपाध्यक्षांनी व्हिसा मुदतवाढीचे अर्ज भरले आणि पोलिस आयुक्तालयात तीनदा दिवस-दिवस बसून राहिले. पाचवीतल्या एका मुलाने गल्ला आणून दिला, ८४३ रुपये निघाले. या सर्वांचे ऋण आहे. नावे छापायची नाहीत असे त्यांनीच बजावले आहे.

आता थोडे कडू. गेल्या वर्षीचे पत्रक ४१२ घरांत गेले, देणगी ३७ घरांतून आली. वार्षिक सभेत एका सन्माननीय सभासदांनी विचारले, "अब्दालीच्या माणसांना वर्गणी कशाला?" लोक हसले. पानिपत १७६१ सालचे आहे हो, मेसचे बिल याच महिन्याचे आहे. आणि ज्या हिंगाशिवाय आपल्या आमटीची फोडणी होत नाही तो बहुतेक त्याच मुलखातून येतो, त्याबद्दल सभेत कधी कुणी हरकत घेतल्याचे इतिवृत्तात दिसत नाही. गणपती ३१ ला बसतोय. दोन वर्षांनी मोकळेपणाने उत्सव होतोय, डेकोरेशनची वर्गणी चार दिवसांत जमली. आनंद आहे, पण हे पत्रक लिहिताना तो आकडा डोळ्यांपुढून हलत नाही.

तपशील : विद्यार्थी ९, खोली-मेस माणशी दरमहा ६,५००, सप्टेंबर ते डिसेंबर एकूण २,३४,०००, जमा ७१,०००, बाकी १,६३,०००. चेक किंवा ऑनलाइन रक्कम मंडळाच्या नेहमीच्या खात्यात (क्रमांक कार्यालयाच्या फळ्यावर), सोबत 'विद्यार्थी निधी' असे लिहावे. ८०-जी (आयकर सवलतीच्या) पावतीसाठी पॅन द्यावा, रोखीने २,००० च्या वर दिल्यास ती सवलत मिळत नाही. परदेशातून थेट पैसे पाठवू नयेत, परकीय देणगीची परवानगी आपल्याकडे नाही. कार्यालय संध्या. ६ ते ८, गुरुवारी बंद. शेवटची तारीख १० सप्टेंबर. एका विद्यार्थ्याचा एक महिना उचलणाऱ्यांनी आधी खजिनदारांशी बोलावे.

आपला,
सचिव

ता. क. जुन्या रजया, स्वेटर कृपया आणू नयेत. गेल्या वर्षीचे अजून माळ्यावर पडून आहेत.