हंगामभर आमचे बूट सांभाळणाऱ्या मामांस

आदरणीय मामांस,
सादर नमस्कार.

हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे मी मुद्दाम लिहीत आहे. कारण आपण चांभारकाम करीत असता तेव्हा समोर उभे राहून आभार मानायला गेलो की मान वर न करता "बरं बरं, पुढचा बूट दे" एवढेच म्हणता आणि बोलणे तिथेच संपते. यंदाचा विद्यापीठ स्पर्धांचा हंगाम आता संपला आहे. पदवीचे शेवटचे वर्ष असल्यामुळे महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातला माझा खेळही संपला. तेव्हा कर्णधार म्हणून माझे एक काम राहिले होते, ते आज करीत आहे.

आमचे महाविद्यालय आजरा तालुक्यातले, लहान. संघात आम्ही सतरा जण आणि क्रीडा निधीतून मिळणार दोन चेंडू, गोलरक्षकाचे हातमोजे आणि स्पर्धेला जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे. बुटांचा खर्च ज्याचा त्याने करायचा. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा या संघांची नावे ऐकली की पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमकडे लोटतात आणि गडहिंग्लजला दिवाळीतल्या सामन्यांसाठी घरोघरची माणसे मैदानावर येतात, तो फुटबॉल पाहतच आम्ही वाढलो. २०१७ साली कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि त्या दिवसांत गल्लीतले प्रत्येक पोर स्वतःला आघाडीचा खेळाडू समजत होते. मात्र आमचे मैदान जांभ्या दगडाच्या माळावरचे आहे. पावसाळ्यात तिथे तांबडा चिखल होतो, आणि पाऊस सरला की तीच जमीन कानशीसारखी बुटांचे तळ घासून काढते.

यंदा जुलैत आम्ही बारा जणांनी मिळून मोबाइलवरून स्वस्तातले बूट मागवले होते. कुणी काजूच्या हंगामात बिया गोळा करण्याच्या मजुरीतून पैसे राखले होते, तर कुणाच्या आईने बचत गटातून उचल घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात एकामागून एक तळ सुटू लागले. तक्रार केली, तर परत करण्याची मुदत संपली असल्याचे उत्तर आले. विभागीय स्पर्धा तोंडावर होत्या. नवे बूट कुणाच्याही आवाक्यात नव्हते, आणि अनवाणी किंवा साध्या कापडी बुटांवर खेळायचे म्हटले तर चिखलात पाय ठरत नाही.

त्या शनिवारी पोत्यात बूट भरून मी गडहिंग्लजच्या स्टँडसमोर आपल्याकडे आलो. आपण पोते फरसबंदीवर रिकामे केले, एकेक बूट हातात घेऊन वाकवून पाहिला आणि किंमत सांगण्याआधी मला विचारले, "हा डाव्या पायाचा बाहेरच्या अंगानं फाटलाय. पोरगा उजव्या पायानं मारतो का?" तो आमच्या मधल्या फळीतल्या खेळाडूचा बूट होता आणि तो खरोखरच उजव्या पायाने मारतो, मारताना शरीराचा सगळा भार डाव्या पायावर पडतो, पाऊल तिथेच वळते आणि शिवण त्या बाजूने उसवते. त्याला इतकी वर्षे खेळताना पाहणाऱ्या आम्हा कुणाच्याही हे लक्षात आले नव्हते. आपण तर तोवर त्याचा चेहराही पाहिला नव्हता.

त्यानंतरचे दोन तास मी आपल्याशेजारी बसून होतो. आपण रापीने जुना डिंक खरवडलात, घासकागदाने दोन्ही बाजू खरखरीत केल्यात, सोल्युशन लावून बूट उन्हाच्या तिरिपेत ठेवलेत आणि मी घाईने तळ चिकटवायला गेलो तेव्हा माझा हात धरलात. सोल्युशन बोटाला लागेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच दाबायचे, हे मला तिथे कळले. पुढे आरीने तळाच्या कडेकडेने भोके पाडून मेण लावलेला दोरा आपण दोन्ही बाजूंनी ओवत गेलात. खिळे का मारत नाही, असे मी विचारले. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चप्पल होत आली. ती चामड्याच्या वादीने शिवतात, तिला खिळा लागत नाही. आणि खिळा मारलेला बूट पळताना वाकला की टोक पोराच्या पायात शिरते, असे आपण सांगितलेत. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात पाठ केले होते. त्या दुपारी ती विद्या मी हातात चाललेली पाहिली.

तेव्हापासून दर शनिवारी आमचे पोते आपल्याकडे येत राहिले. पहिल्या खेपेनंतर आपण मजुरी घेतली नाहीत. दोरा आणि सोल्युशन यांचे पैसे तेवढे द्या, म्हणालात. ओले बूट चुलीजवळ वाळवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, चिखल वाळण्याआधी ब्रशने काढा, हे आपले सांगणे मी कागदावर लिहून आमच्या खोलीच्या दारावर चिकटवले. ते पाळायला लागल्यापासून पोत्यातले बूट निम्म्यावर आले.

शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट मात्र मला सविस्तर लिहायलाच हवी. सरावात पुन्हा सहा जोड उसवले होते. मी पोहोचलो तेव्हा आपण हत्यारे पेटीत भरून घरी निघाला होतात. आपण पेटी पुन्हा उघडलीत. वीज गेली तेव्हा मी मोबाइलचा उजेड धरला, आणि साडेनऊपर्यंत आपण शिवत राहिलात. इतके का करता, असे मी न राहवून विचारले. त्यावर आपण म्हणालात, "पायात धड नसलं की पोरगं खाली बघत पळतंय, चेंडूकडं नाही." शेवटचा बूट माझाच होता. गाठ मारून दोरा तोडल्यावर आपण बूट स्वतःच्या हाताने आतून चाचपून पाहिलात, कुठे टोचत तर नाही ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी पंचांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांचे बूट आणि नडगीचे पॅड तपासले. आपण घातलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवून ते पुढे गेले. पहिला सामना आम्ही २-० असा जिंकला, दुसरा भर पावसात १-० असा. उपांत्य सामन्यात नव्वद मिनिटांनंतर १-१ अशी बरोबरी राहिली आणि टायब्रेकरमध्ये आम्ही ४-३ असे हरलो. अकरा मीटरवरून मारलेला आमचा शेवटचा फटका खांबाला लागला. मैदानावर आम्ही रडलो, हे लपवत नाही. पण मामा, त्या तीन सामन्यांत बूट फाटला म्हणून आमचा एकही खेळाडू बाहेर आला नाही. मागच्या वर्षी पहिल्याच सामन्यात असे दोघांना बाहेर यावे लागले होते. आमच्या महाविद्यालयाचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेल्याचे मी माझ्या तीन वर्षांत पाहिले नव्हते. त्याचे श्रेय आमच्या सरावाला आणि क्रीडा शिक्षकांना आहे, तसेच ते आपल्या आरीलाही आहे, असे आम्ही सतराही जण मानतो.

आता दोन विनंत्या. येत्या शनिवारी आम्ही सगळे आपल्याकडे येत आहोत आणि हंगामभराची मजुरी घेऊन येत आहोत. आम्ही वर्गणी काढली आहे, तिच्यात पोरांच्या घरच्यांनीही भर घातली आहे; कृपा करून ती परत करू नका. दुसरी विनंती आमच्या प्रथम वर्षाच्या गोलरक्षकाची आहे. पुढच्या वर्षी पोते घेऊन यायला मी नसेन, म्हणून शिवण घालायला त्याला शिकायचे आहे. रविवारी सकाळी तासभर तो आपल्याजवळ बसेल. त्याचा हात थोडा जड आहे, पण तो चिवट आहे आणि सांगितलेले ऐकतो.

आपला नम्र,
कर्णधार, महाविद्यालयीन फुटबॉल संघ
तालुका आजरा, जिल्हा कोल्हापूर