उजव्या कानामागे फक्त कैची

निलंगा तालुका,
रविवार, रात्री

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा "काही नाही, डोकं दुखतंय" एवढेच तू सांगितलेस. खरे काय ते आईने दुसऱ्या दिवशी खोदून विचारल्यावर कळले. लातूरला गेल्यापासून पहिल्यांदाच तू एकटा कटिंगला गेलास, दुकानातल्या मुलाने "कसं करू?" असे विचारले, तू "करा बारीक" म्हणालास, त्याने कडेने आणि मागून एक नंबरची मशीन फिरवली आणि उजव्या कानामागची जुनी खोक, जी इतकी वर्षे कोणाच्या नजरेस पडली नव्हती, ती उघडी पडली. वर्गातल्या मुलांनी चौकशी केली म्हणून दोन दिवस तू टोपी घालून खोलीवर बसून राहिलास. हे ऐकून मला तुझा राग आला नाही आणि त्या दुकानातल्या मुलाचाही आला नाही. वाईट एवढ्याचेच वाटले, की 16 वर्षांच्या माझ्या मुलाला स्वतःच्या डोक्याविषयी चार वाक्ये सांगता आली नाहीत, कारण ती सांगण्याची वेळ मी त्याच्यावर कधी येऊच दिली नव्हती.

लहानपणी आप्पांच्या दुकानात खुर्चीच्या दोन्ही हातांवर लाकडी फळी आडवी टाकून त्यावर तुला बसवीत. तू मान खाली घालून बसायचास आणि मी मागच्या बाकावरून, पेपरातून डोके वर न काढता, "मागून बारीक, पुढचे राहू द्या" असे सांगून मोकळा व्हायचो. फळी सुटली, तू दहावीला गेलास, तरी बाकावरून बोलणारा मीच होतो. माझ्या लहानपणी तर सांगण्याचा प्रश्नच नव्हता. आप्पांचे वडील धोकटी घेऊन घरी येत, लिंबाखाली एकामागून एक सगळ्या पोरांना बसवीत आणि सुगीत त्यांचे ज्वारीचे बलुते घरातून जाई. कोणाला काय हवे हे विचारण्याची रीत नव्हती, कारण सगळ्यांचे एकच होई. त्या लिंबाखालून उठलेल्या आम्हा लोकांना केसांविषयी बोलायचे असते हेच ठाऊक नव्हते, आणि ते मी पुढे तुलाही शिकवले नाही.

काल शाळा सुटल्यावर मी आप्पांकडे गेलो आणि त्यांना सरळ विचारले, की तुम्ही आमच्या मुलाचे केस नेमके कापता तरी कसे? त्यांनी हातातला कंगवा खाली ठेवला आणि जे सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. "गुरुजी, तुम्ही दर खेपेला म्हणायचे, मागून बारीक करा. पण त्या खुणेवर मी कधी बारीक केलोच नाही. तिथं कंगवा आडवा धरून वरवर कैची चालवायचो. लेकरू शाळेत जातंय, कोणी काय म्हणायला नको." तू चार वर्षांचा असताना गव्हाणीच्या दगडावर पडलास आणि तीन टाके पडले, त्यानंतर प्रत्येक खेपेला त्यांनी हे केले, आणि मी बाकावर बसून समजत होतो की माझ्या सांगण्याप्रमाणे काम होत आहे. म्हणजे तुझ्या डोक्याची माहिती माझ्या बोलण्यात नव्हतीच, ती सगळी त्यांच्या हातांत होती. लातूरच्या दुकानातल्या त्या मुलाला ती कशी असणार? म्हणून आप्पांना एकेक गोष्ट विचारून मी वहीत उतरवून घेतली. तीच खाली लिहितो आहे, नीट वाच.

पहिली गोष्ट खुणेची. ती कानाच्या वरच्या टोकाच्या जरा वर आणि दोन बोटे मागे आहे. खुर्चीत बसल्याबरोबर, गळ्याभोवती कापड बांधण्याआधीच, बोट ठेवून ती दाखवायची. एकदा कापड बांधले की हात आत जातात आणि मग नुसते "इकडं, तिकडं" म्हणण्याने काही कळत नाही. "इथं जुनी खोक आहे, इथं मशीन नको, फक्त कंगवा-कैची," एवढे म्हणालास की पुरे. हे सांगण्यात लाजण्यासारखे काही नाही. केस कापणारा माणूस दिवसभर लोकांची डोकी पाहतो. त्याने आजवर अशा कितीतरी खुणा पाहिल्या असतील, आणि आधी कळले तर ती झाकण्याची काळजी तो आपणहून घेईल.

दुसरी गोष्ट मापाची, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. बारीक, मध्यम, थोडे ही मापे नव्हेत. डी.एड.च्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी एका अनोळखी दुकानात "थोडे कमी करा" म्हणालो होतो. त्याचे थोडे आणि माझे थोडे यांत किती अंतर होते हे माझ्या सेवापुस्तकातल्या फोटोत आजही दिसते. मशीनच्या कंगव्याला नंबर असतात. साधारणपणे प्रत्येक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे एक नंबर सुमारे 3 मिलिमीटर, दोन नंबर 6, तीन नंबर साडेनऊ-दहा आणि चार नंबर जवळजवळ 13 मिलिमीटर. शून्य म्हणजे कंगवाच नाही, पाते थेट कातडीला लागते. काही मशीनवर नंबराऐवजी मिलिमीटरच छापलेले असतात, म्हणून कंगवा लावण्याआधी तो हातात घेऊन पाहिलास तरी कोणी रागावणार नाही. तुझ्या दाट केसांना कडेने आणि मागून तीन नंबर ठीक बसतो असे आप्पांचे मत आहे. कुठला नंबर हवा याविषयी मनात शंका असेल तर मोठ्या नंबरापासून सुरुवात करायला सांग. तीनचे दोन त्याच खुर्चीत बसल्या बसल्या करता येतात, एकाचे तीन व्हायला मात्र आठवडे जातात.

वरच्या केसांचे माप बोटांचे असते. केस तर्जनी आणि मधल्या बोटात धरून बाहेर उरलेले कापतात, हे तू पाहिले असशीलच. तिथे "दोन बोटं" एवढेच म्हणालास तर ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, की दोन बोटे कापायचे की दोन बोटे ठेवायचे? इंचाचेही तसेच. त्यामुळे कधीही नुसते माप सांगू नकोस, "वर दोन बोटं राहू द्या" असे "राहू द्या" जोडून सांग. त्यातही तुझे केस पाण्याने ओले केले की ताणले जाऊन लांब दिसतात आणि सुकल्यावर आखडून वर जातात, म्हणून फवारा मारल्यावर जेवढे दिसतात त्यावर जाऊन आणखी कमी करायला सांगू नकोस.

तुझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. दोन भोवरेवाल्याची दोन लग्ने होतात असे तुझी आजी तुला न्हाऊ घालताना म्हणायची, ते जाऊ दे. पण तिथले केस दोन दिशांनी फिरतात आणि फार आखूड झाले की काट्यासारखे उभे राहतात, हे खरे. तिथे बाकीच्यांपेक्षा जरा लांब ठेवावे लागतात. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत. मानेवरची कड चौकोनी, गोल की मिसळून, असे विचारतील तेव्हा "मिसळून" म्हण, म्हणजे केस वाढताना ती विचित्र दिसत नाही. तुझ्या बरोबरीची मुले फेड करतात, म्हणजे कडेचे केस खाली अगदी बारीक आणि वर जाताना हळूहळू लांब. तुलाही हौस असेल तर माझी ना नाही. फक्त लो फेड म्हणजे कानाजवळच थांबणारा कर. मिड किंवा हाय केलास तर मशीन थेट खुणेवरून जाईल.

फोटो दाखवण्याची सवय चांगली आहे, परंतु मोबाईलमधल्या एखाद्या नटाचा नको. त्याचे केस सरळ आणि विरळ, तुझे दाट आणि कुरळ्याकडे झुकणारे. दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी आप्पांनी कापलेले केस तुला आवडले होते. त्या दिवशीचे तुझे समोरून आणि बाजूने काढलेले दोन फोटो आईच्या मोबाईलमध्ये सापडले, ते तुला पाठवायला सांगितले आहेत. मागून काढलेला नाही, तो पुढच्या खेपेला काढू.

आणखी एक गोष्ट मला आप्पांकडून निघाल्यावर, रस्त्याने येताना सुचली. तू चष्मा काढून ठेवतोस आणि चष्म्याशिवाय तुला आरशातले काही धड दिसत नाही. म्हणजे सगळे उरकून चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत तुला आपले काय झाले हे कळतच नाही. म्हणून एक बाजू झाली की "दादा, जरा थांबा, चष्मा लावून बघतो" असे म्हण. शेवटी छोटा आरसा मागे धरतात तेव्हा आपण सगळे न पाहताच मान हलवतो. तू डोके थोडे वळवून, दोन्ही कानांमागे पाहून मगच हो म्हण. मानेवर वस्तरा लावणार असतील तर नवे पाते तुझ्यासमोर घालायला सांग. दुसऱ्याला लावलेल्या पात्यावरच्या रक्तातून कावीळ आणि एच.आय.व्ही. यांसारखे रोग पसरू शकतात.

बोलताना दादा, मामा, जे तोंडात येईल ते म्हण, पण अहो-जाहोनेच बोल, मग तो तुझ्याच वयाचा का असेना. ज्याच्या हातात वस्तरा आणि आपली मान असते, त्याच्याशी आपल्या घरात कोणी अरे-तुरे केलेले नाही. या कामाला तुच्छ शब्द वापरणारी मुले तुला भेटतील, त्यांच्यात तू बसू नकोस.

आता लगेच करायचे ते सांगतो. रागाच्या भरात सगळे डोके सारखे करून घेऊ नकोस. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे एक नंबरचे तीन नंबर व्हायला तुला अडीच-तीन आठवडे लागतील. खूण त्याआधीच झाकू लागेल. तोवर कोणी विचारले तर गव्हाणीच्या दगडावर पडलो होतो म्हणून सांग आणि वर्ग बुडवू नकोस. नंतर दुसरे दुकान शोधू नकोस, त्याच दुकानात जा. त्या मुलाने तू म्हणालास तेच केले. आता त्याने तुझे डोके एकदा पाहिले आहे, तू नीट सांगितलेस तर पुढच्या खेपेला त्याला ते लक्षात राहील. रविवारी गर्दीत नको, मधल्या वारी दुपारी जा, म्हणजे ऐकून घ्यायला त्यालाही सवड असेल.

हे पत्र उद्या सकाळच्या एस.टी.ने डब्याबरोबर पाठवतो आहे. सोबत वहीचे अर्धे पान आहे, त्यावर आप्पांनी सांगितलेले पाच ओळींत मोठ्या अक्षरात लिहिले आहे. पाठ झाले नाही तर ते पानच त्याच्या हातात दे. दिवाळीला आलास की आपण आप्पांकडे जाऊ. मी बाकावर पेपर वाचत बसेन, सांगायचे ते तू सांग.

तुझे,
अण्णा