खपलीखालची बोलणी

प्रिय विनू,

परवा फोनवर तू चिन्मयच्या ढोपराचं सांगत होतास. खपली गळाली आणि खाली गुलाबी, कोवळी कातडी. “कधी वाढायचं, हे तिला सांगतं कोण रे?” एवढं विचारलंस आणि फोन कट झाला. प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

जखम जरा बाजूला ठेव. धडधाकट कातडीही रोज झडते आणि रोज भरून निघते. तिच्या वरच्या आवरणाच्या तळाशी मूलपेशींचा थर असतो. एक पेशी वर सरकली की शेजारची दुभंगून जागा भरते. हा हिशेब चुकून चालत नाही, म्हणजे एकमेकींशी बोलणं आलंच.

ते बोलणं येल विद्यापीठात व्हॅलेंटिना ग्रेको यांच्या प्रयोगशाळेनं जिवंत उंदराच्या कातडीत पाहिलं. निबंध २०२३ चा. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतं, त्यामुळे किंचित वाढलं तरी पेशीला लगेच जाणवतं. या उंदरांच्या पेशींत एक प्रथिन घातलेलं होतं; कॅल्शियम वाढलं की ते हिरवं चमकतं. एक पेशी लुकलुकते, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. आपण भंडारदऱ्याला काजव्यांनी लगडलेलं झाड बघत उभे होतो ना, तेच आठवलं. फरक एवढाच, की काजव्याचा उजेड हाच त्याचा निरोप. इथे निरोप कॅल्शियमचा, उजेड आपण जोडलेला.

हा मेळ हजारो पेशींमध्ये असतो. नुसत्या डोळ्यांनी तो उकलत नाही, संगणकाला शिकवून शोधावा लागला. आणि विनू, यात मुकादम कोणीच नाही! सुरुवात मुख्यतः जी-टू अवस्थेतल्या पेशी करतात, म्हणजे डीएनए दुप्पट करून दुभंगायच्या बेतात असलेल्या. पेशीपेशींमध्ये कनेक्सिन-४३ या प्रथिनाच्या बारीक नळ्या असतात. सहा रेणू या बाजूचे, सहा त्या बाजूचे. हे प्रथिन काढून घेतलं की दूरवरचा मेळ बिघडतो. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं: हाच कॅल्शियमचा निरोप पेशींना विभाजनाच्या वाटेवर पुढे ढकलतो. दुभंगायला निघालेल्या बोलतात, आणि त्या बोलण्यानं बाकीच्या निघतात.

हे सगळं न दुखावलेल्या कातडीतलं, हे मात्र लक्षात ठेव. चिन्मयला म्हणावं, उरलेली खपली नखानं काढू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्री