माळावर सोडलेली कुत्री आणि जमिनीवरची अंडी : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुत्री तयार करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. दडलेल्या पक्ष्याचा वास लागताच जागेवर थबकायचं, गोळी झाडली की पडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा, हे कुत्र्याला गवतातच शिकवावं लागतं. तरीही १६ एप्रिल ते १४ जुलै या काळात राज्याच्या वन्यजीव क्षेत्रांवर ही तालीम खास परवान्याशिवाय बंद असते. इंग्लंडमध्ये २०००च्या कायद्याने लोकांना खुल्या झालेल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा पट्ट्यानेच न्यावा लागतो, पट्टाही दोन मीटरहून लांब चालत नाही. म्हणजे ज्यांना पक्षी मारायचेच आहेत, तेही विणीचे महिने पाळतात. आपल्याकडे वन्यजीवांची शिकारच कायद्याने बंद. पण ऐन विणीत माळावर कुत्रा कुणीही सोडावा.

टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी ही माळावरची सगळी पक्षीमंडळी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे चार खडे. अंडी मातीच्या रंगाची असल्यामुळे माणसाला दिसत नाहीत, पण कुत्रा डोळ्यांनी शोधतच नाही. माळढोकाची मादी तर सहसा एकच अंडं घालते. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं तेव्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं; पुढे ते बाराशेवर आलं. त्यात गावं, शेतं, खुद्द सोलापूर शहरही आलं होतं, तेव्हा कात्री लागणारच होती. त्याबद्दल तक्रार नाही. उरलेल्या तुकड्यांवर काय चालतं, ते बघा एवढंच म्हणणं आहे.

इथे धनगराच्या कुत्र्याला दोष देऊ नका. लांडग्याच्या मुलखात मेंढरं राखायची तर कुत्रा हवाच, आणि तो कळपाजवळ राहतो. त्याला लस द्या, तेवढं पुरे. त्रास आहे तो गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांचा, आणि कारवानी, पश्मी या वेगाने पळणाऱ्या जातींच्या कुत्र्यांना ‘पळवायला’ माळावर आणणाऱ्या हौशी मालकांचा. कारवानी हे देखणं, आपल्या मातीतलं जनावर. त्याला पळायला जागा लागते, हेही मान्य. पण त्याच्यापुढे ससा उठला की तालमीची शिकार होते, आणि तो गुन्हा आहे. पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सापडला आहे, हेही आपल्या खात्याला ठाऊक असेलच.

म्हणून विनंती अशी : मार्च ते सप्टेंबर वनखात्याच्या गवताळ माळांवर, कळपासोबतचे सोडून, मोकळ्या कुत्र्यांना मनाई करावी. शर्यतीच्या कुत्र्यांसाठी प्रत्येक तालुक्यात घरट्यांपासून दूर, कुंपण घातलेली पडीक गायरानं ग्रामसभांच्या संमतीने नेमून द्यावीत. नुसती बंदी घातली तर लोक रात्री येतील. पोल्ट्रीवाल्यांना मेलेले पक्षी पुरण्याची सक्ती करावी. आणि एक वेगळं, पण याच माळाचं : ‘पडीक’ म्हणून त्यावर ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या लागवडीसाठी खड्डे खणणं थांबवावं.

आदेश फेब्रुवारीत निघाला तर यंदाच्या विणीला उपयोगी पडेल. मेमध्ये निघाला तर तो पुढच्या वर्षासाठीच धरावा लागेल.

आपला,
माळाकाठचा एक रहिवासी