वजन विचारता, तसं बालपणही विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : लठ्ठपणाच्या तपासणीत बालपणातल्या आघातांची दखल घेण्याबाबत

महोदय,

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला सिडकोत बसते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीत काम करणारे येतात, शिक्षिका येतात, घर सांभाळणाऱ्या बायका येतात. कमी खा, चाला, गोड सोडा, हे सगळ्यांना पाठ आहे. पंतप्रधानांनी 2025 च्या फेब्रुवारीत तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं, तेही ठाऊक आहे. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांत यांतलेच कितीतरी असतात. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. देशात 15 ते 49 वयाच्या जादा वजनाच्या स्त्रिया 2015-16 मध्ये 20.6 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 24 टक्के झाल्या. पुरुष 18.9 वरून 22.9 टक्क्यांवर गेले. लोकांना माहिती नाही म्हणून हे होतंय, असं मला तरी वाटत नाही.

अमेरिकेत सॅन डिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी 1980 च्या दशकात वजन कमी करण्याचं केंद्र चालवत होते. त्यांना कोडं पडलं ते वेगळंच. ज्यांचं वजन झपाट्यानं उतरत होतं, तीच माणसं मध्येच येणं बंद करत होती. खोदून विचारल्यावर कळलं, की त्यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. अंगावरचं वजन काहींना संरक्षण वाटत होतं, ते उतरू लागलं की भीती वाटायची. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी साडेनऊ हजार प्रौढांकडून प्रश्नावली भरून घेतली. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन, मानसिक आजार, कोणी तुरुंगात जाणं, असे सात प्रकार त्यात होते. 1998 मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून अधिक लोकांनी यातलं किमान एक तरी सोसलं होतं. चार किंवा त्याहून जास्त प्रकार सोसलेल्यांत तीव्र लठ्ठपणाचा धोका सुमारे दीडपट होता. ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती, आरोग्य विमा असलेली बऱ्यापैकी सुस्थितीतली होती. म्हणून हा फक्त गरिबांचा प्रश्न समजू नका. गंगापूर रोडच्या बंगल्यांतही रात्री आवाज चढतात.

हे शरीरात कसं घडतं? सतत धास्तीत वाढलेल्या मुलाच्या अंगात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, वारंवार वाढतं. त्यानं गोड-तेलकटाची ओढ वाढते, चरबी पोटाभोवती साठते, झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेनं भूक आणखी चाळवते. माझ्याकडे येणारी चाळिशीची एक बाई ओट्याशी उभ्यानंच जेवते, पाच मिनिटांत. लहानपणी वडील पिऊन आले की ताटं भिरकावायचे, त्यामुळे ते यायच्या आत गिळून मोकळं व्हायचं. वडील जाऊन वर्षं झाली, सवय तशीच. रात्री सगळे झोपले की शेवेचा डबा उघडते. "ताई, भूक नसते हो, पण खाल्लं की छातीतली धडधड थांबते," म्हणाली. तिला मी किती कॅलरींचा तक्ता देऊ?

आता आपल्या यंत्रणेकडे येते. तिशीपुढच्या लोकांच्या तपासणीसाठी आशा ताई जी यादी भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातल्यांचे आजार हे सगळं विचारलेलं असतं. बालपणाबद्दल अवाक्षर नाही. पण हा प्रश्न त्या यादीत घालू नका, अशी माझी विनंती आहे. शेजारी सासू बसलेली असताना ओसरीवर कोण खरं सांगणार? तो 'आपला दवाखाना' किंवा 'आयुष्मान आरोग्य मंदिर' या सरकारी दवाखान्यांत, दार लावून, प्रशिक्षित समुपदेशकानं विचारावा. सांगायचं की नाही, हे रुग्णावर सोडावं. आणि विचारल्यानंतर पुढे कुठे पाठवायचं, याची सोय आधी करावी. ती नसेल तर जखम उघडून माणसाला घरी पाठवल्यासारखं होईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, पण फोनवरचं बोलणं समोरच्या माणसाची जागा घेत नाही.

शाळांचं तर विचारूच नका. एका शाळेत मी स्वतः पाहिलं, पटांगणात रांग, पुढे काटा, आणि आकडा मोठ्यानं पुकारला जातोय. सातवीतल्या एका मुलाचा आकडा ऐकून मागून कोणीतरी "टेम्पो!" ओरडलं. सगळे हसले, वजन लिहिणाऱ्या बाईही. तो त्या दिवशी डबा न खाताच परत घेऊन गेला. लठ्ठपणा रोखायला निघालेली तपासणी अशानं पुढच्या लठ्ठपणाचीच पेरणी करते. वजन पडद्याआड घ्या, आकडा फक्त पालकांना कळवा, एवढं परिपत्रक काढायला कसला निधी लागतो?

सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतली कुटुंबं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात, मुलं कधी आजीकडे, कधी आश्रमशाळेत. अर्धपोटी आणि आईबापांपासून लांब वाढलेली ही मुलं आज काटकुळी दिसतात, म्हणून लठ्ठपणाच्या चर्चेत त्यांना कोणी धरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे, की आपल्याकडची कमी वजनाची बाळंसुद्धा तुलनेनं जास्त चरबी घेऊन जन्मतात. म्हणजे आज काटकुळी दिसणारी मुलंही या प्रश्नाबाहेर नाहीत. तेव्हा आश्रमशाळांत समुपदेशक नेमताना आदिवासी विकास विभागाशी आपण बोलावं.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. आघात सोसलेलं प्रत्येक मूल लठ्ठ होत नाही, आणि प्रत्येक लठ्ठ माणसाच्या घरी मारझोड झालेली नसते. जनुकं, औषधं, पाळ्यांचं काम, शाळेसमोरची वडापावची गाडी, सगळ्यांचा वाटा असतो. आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हाही हेतू नाही, त्यांतले कितीतरी स्वतःच मार खात मोठे झालेत.

नाशिकमधल्या दोन-तीन 'आपला दवाखान्यां'त प्रायोगिक सुरुवात करायची ठरवलीत, तर आम्ही काही आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक आठवड्यातला अर्धा दिवस विनामोबदला द्यायला तयार आहोत. खोलीला दार असलं म्हणजे झालं.

आपली नम्र,
एक आहारतज्ज्ञ, सिडको, नाशिक