चिनूला तुझा गुडघा दाखव

प्रिय शमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझी कंबर आहे तशीच. फोनवर हे बोलता येत नाही, कारण चिनू हल्ली घरूनच काम करतो आणि त्याचे कान केवढे तिखट आहेत ते तुला माहीत आहे.

चिनूला उंची वाढवायला पाय लांब करून घ्यायचेत. दोन्ही. नडगीची हाडं कापून सात सेंटिमीटर. इस्तंबूलच्या एका दवाखान्याशी बोलणं झालंय, कर्जाची चौकशीही झालीय. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "शमामावशीचं झालं ना व्यवस्थित? पर्वती चढली की ती तुझ्याबरोबर!"

चढलीस, शमे. उतरताना काय झालं ते त्याला ठाऊक नाही. एकेक पायरी आडवी होऊन, माझा खांदा दाबत तू खाली आलीस आणि खाली पोचल्यावर शपथ घातलीस की कुणाला बोलायचं नाही. मी बोलले नाही, परवाही नाही. पण आता ती शपथ मोडायची परवानगी दे, किंवा तूच मोड.

तुझा आखूड पाय लांब करायला बाहेरून बसवलेली ती चक्रं त्याने फक्त फोटोत पाहिलीत. दिवसातून चार वेळा त्यांच्या नटाला पाव-पाव फेरा, म्हणजे पाव मिलिमीटर, दिवसाला एक. सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरने हे शोधून काढलं, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुझे बाबा नकाशा घेऊन बसले होते. कापलेलं हाड इतकं सावकाश ओढलं की मधल्या फटीत नवं हाड धरतं. आपल्याला ती जादूच वाटली होती. दुपारचा पाना माझ्याकडे होता. आणि हो, मी नट उलटा फिरवला नव्हता! आजही छातीवर हात ठेवून सांगते. बाण काढलेला होता, मी बाणाप्रमाणेच फिरवला. तू मात्र पुढे कितीतरी दिवस काकूंच्या हातून निरोप पाठवत होतीस, समोरासमोर बसून!

चिनूला वाटतं दुखणं म्हणजे हाड कापण्याचं. तो म्हणतो, "आई, गुडघ्याला हातसुद्धा लावत नाहीत, सगळं नडगीत असतं." हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तुझ्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून काकू गुडघा खाली दाबायच्या, तू उशी चावायचीस आणि मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहायचे. तेव्हा वाढत होती नडगी, आणि सरळ होत नव्हता तो गुडघा.

मी इथल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, चिनूला न सांगता. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो आणि टाचेला जाऊन चिकटतो. मधलं हाड वाढतं, स्नायू त्या वेगाने वाढत नाही. मग तो दोन्ही टोकांना ओढतो, धुवून आटलेल्या सलवारीसारखा. गुडघा वाकडा राहतो, टाच वर उचलते. वाकलेल्या गुडघ्यावर माणूस चालत राहिला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि गुडघा पुढून दुखायला लागतो. तुझं पाऊल खाली पडू नये म्हणून चक्राला पट्टा बांधायचे, त्याचं कारण मला इतक्या वर्षांनी समजलं.

आणि चिनूची पद्धत तुझ्यापेक्षा वेगळी आहे. त्याच्या हाडात लांब सळई घालणार, बाहेर चौकट लावणार. हवी तेवढी लांबी मिळाली की चौकट काढायची, सळई आत. चौकट लवकर सुटते म्हणून मुलांना हे आवडतं. पण ती सळई आत जाते कुठून? गुडघ्यातूनच, शमे. वाटीच्या खाली जो जाड पट्टा असतो ना, तो चिरून किंवा त्याच्या कडेने. डॉक्टर म्हणाले, मोडलेल्या नडगीत अशी सळई घातलेल्या रुग्णांत गुडघ्याचं पुढचं दुखणं इतकं सर्रास आहे की कित्येक पाहण्यांत निम्म्याच्या आसपास लोक तक्रार करतात. गुडघे टेकून बसताना सर्वांत जास्त. सळई काढली तरी प्रत्येकाचं थांबतंच असं नाही. पाय मोडला असेल तर माणूस हे पत्करतो, दुसरा इलाज नसतो. चिनूचे पाय धडधाकट आहेत.

आणखीही सांगितलं. ओढताना हाड बाहेरच्या अंगाला आणि पुढे कलू शकतं. ते वेळीच सरळ केलं नाही तर अंगाचा भार गुडघ्याच्या एकाच बाजूवर पडतो, आणि ती बाजू झिजलेली कळायला बरीच वर्षं जातात. नडगीशेजारचं बारीक हाड वर-खाली नीट जखडलं नाही तर त्याचं वरचं टोक गुडघ्यापासून खाली ओढलं जातं. नडगीत पाच सेंटिमीटरच्या पुढे हे सगळे धोके वाढत जातात, असं ते म्हणाले. चिनूला सात हवेत. तुझे चार होते, तेही एकाच पायात. दुसरा पाय भार घ्यायला होता. याचे दोन्ही एकदम!

चीनने नुसत्या उंचीसाठी हे करायला २००६ मध्येच बंदी घातली. २०१६ मध्ये हैदराबादला एक मुलगा घरी न सांगता दाखल झाला होता, ते प्रकरण गाजलं, डॉक्टरचं निलंबन झालं. हे मी चिनूला सांगितलं तर म्हणतो, "मी सांगून चाललोय ना?" खरंय. सांगून चाललाय.

ह्यांनी "डोकं फिरलंय" म्हणून विषय संपवला. मला तसं म्हणवत नाही. गेल्या स्थळाच्या वेळी मुलीच्या मामाने सगळ्यांसमोर त्याला मुलीशेजारी उभं राहायला लावलं, मापाला! चिनू हसत उभा राहिला. घरी येऊन जेवला नाही. त्या मामाला मी काही बोलले नाही कारण ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता. तुझी पँट एका बाजूने दुमडून शिवायचे तेव्हा वर्गातल्या मुली काय म्हणायच्या ते आपण दोघींनी ऐकलंय, म्हणून त्याचं दुखणं मला खोटं वाटत नाही. मला फक्त एवढंच हवंय की त्याने जाताना गुडघ्याचा हिशेब करून जावं. सेंटिमीटर कुणीही सांगतं. पंगतीत मांडी घालता येत नाही, गणपतीत आरती झाली की सगळे खाली बसतात आणि आपल्याला खुर्ची लागते, हे कोण सांगणार?

तो शनिवारी सांगलीला येतोय, मित्राच्या लग्नाला. उतरायला तुझ्याकडेच पाठवते. त्याला अडवू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. तुझ्या जिन्यावरून तू खाली येतेस तशी त्याच्यासमोर ये. गुडघा सरळ होताना कुठे अडतो ते हात लावून दाखव. चक्रं काढल्यावर किती महिने रडलीस ते सांग. आणि ते केलं म्हणून पस्तावलीस का, तेही खरं सांग. नाही पस्तावलीस, मला माहीत आहे. तेही त्याला कळू दे. मग त्याला काय ठरवायचं ते ठरवू दे.

रुचाच्या बारावीचं कळलं, घरात पेढे वाटले. सायन्सलाच जाणार का? दिलीपरावांचं मोतिबिंदूचं करून घ्या, पुढे ढकलू नका. गच्चीवरची गळती बंद झाली की नाही?

चिनू आल्यावर लगेच विषय काढू नकोस, त्याला संशय येईल. आधी जेवायला घाल. वांगं खात नाही अजून.

तुझी,
निमी