टेराहर्ट्झच्या नावाने गरम हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुडघेदुखी, शुगर, लकवा यांवर 'टेराहर्ट्झ' लहरींची मशिने आणि खडे विकले जातात. लहरी खऱ्या आहेत, म्हणूनच हा माल खपतो. वर्णपटात सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्यामधला, साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झचा हा पट्टा. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आंदोलने, लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर. कोरडे कापड, कागद, प्लास्टिक यांतून ती आरपार जाते, धातूवरून परतते. पाण्यापुढे मात्र तिचे काही चालत नाही: ०.०५ मिलिमीटरच्या थरातच निम्म्याहून जास्त ऊर्जा जिरते. कातडीत पाणीच अधिक. मग गुडघ्याच्या वाटीपर्यंत ती पोचणार कशी? प्रयोगशाळेतही हवेतली वाफ मोजमाप बिघडवते, म्हणून यंत्राच्या पेटीत कोरडा नायट्रोजन भरतात. (याच गुणामुळे पान न तोडता त्यातले पाणी मोजण्याचे प्रयोग झाले आहेत, कपाशी-संत्र्याच्या मुलखाला त्यात खरा रस असायला हवा.)

'यातून टेराहर्ट्झ निघतात' हा दावा खोटा नाही, फुकाचा आहे. त्या तापल्या तव्यातूनही निघतात, चुलीतूनही, आपल्या अंगातूनही.

विक्रेते दाखवतात तसा खड्यावर बर्फ झपाट्याने वितळतो, पण तो लहरींमुळे नव्हे. खडा बहुधा सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉन काचेच्या शंभरपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. घरी करून पाहा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक ॲल्युमिनियमच्या जाड बुडाच्या पालथ्या गंजावर, दुसरा लाकडी पाटावर ठेवा. गंजावरचा आधी विरघळेल. गंज उन्हात तापलेला नको, नाहीतर तुलना फसते. पातळ पत्राही नको, त्यातली उष्णता लगेच संपते.

हवा फेकणाऱ्या मशिनीत हीटर आणि पंखा असतो, केस वाळवायच्या मशिनीसारखा. शेकाने घटकाभर बरे वाटते, ते गरम पाण्याच्या पिशवीनेही वाटते. धोका मधुमेहींना: पाय बधिर असले तर चटका कळत नाही, फोड येतो आणि जखम चिघळते.

मधुमेह, लकवा बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. पत्रक जपून ठेवा, पक्की पावती मागा आणि दोन्ही घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या.

— दोन विज्ञान शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ